उटीच्या ढगात १३० कोटी व्होल्ट

उटी म्हटलं की बोटॅनिकल गार्डन, टॉय ट्रेन आणि होममेड चॉकलेट. ट्रिपच्या रील्समध्ये याच्यापलीकडे काही नसतं. पण याच उटीत, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरवर, काँक्रीटच्या दोन मीटर जाड छताखाली पोलादी नळ्या रचून ठेवल्यात. एक-दोन नाही, तब्बल ३७१२! प्रत्येक नळी सहा मीटर लांब, आत वायू भरलेला आणि मधोमध एक बारीक तार. बघणाऱ्याला एखाद्या हार्डवेअरवाल्याचं गोदामच वाटेल. हा आहे ‘ग्रेप्स-३’ प्रयोग. तो चालवते आपल्या कुलाब्यातली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. सोबत जपानी शास्त्रज्ञही आहेत.

या नळ्या मोजतात म्युऑन. आता जरा तळहात पुढे करा. हे वाक्य वाचून होईपर्यंत त्यातून चार-पाच म्युऑन आरपार गेलेही. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आदळतात, त्या धडकेतून नवे कण तयार होतात आणि त्यांच्यापासून म्युऑन जन्मतात. म्हटलं तर इलेक्ट्रॉनचाच भाऊ, पण वजनाला दोनशे पट. आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. म्हणजे सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले जेमतेम दोन! एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तो सातशे मीटरही जाणार नाही. मग दहा-पंधरा किलोमीटर खाली आपल्या हातापर्यंत पोचतो कसा? कारण इतक्या वेगाने पळणाऱ्याचं घड्याळ आपल्या दृष्टीने हळू चालतं. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद परीक्षेपुरता पाठ करणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचा. त्याचा पुरावा तुमच्या हातातून जातोय.

उटीच्या नळ्या दिवसाला सुमारे ४०० कोटी म्युऑन मोजतात. १ डिसेंबर २०१४ रोजी वर गडगडाटी वादळ आलं आणि हा आकडा साधारण दोन टक्क्यांनी घसरला. १८ मिनिटं घसरलेलाच राहिला. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण रोज कोट्यवधींचा हिशेब ठेवणाऱ्याला दोन टक्क्यांची खोट लगेच दिसते, आमच्या कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला दिसते तशीच.

खरी गंमत पुढे आहे. म्युऑन दोन जातींचे, धन आणि ऋण. ढगातलं विद्युतक्षेत्र एका जातीला पुढे ढकलतं, तर दुसरीला मागे ओढतं. दोन्ही समसमान असते तर हिशेब जवळपास फिटला असता. पण आकाशातून धन म्युऑन जरा जास्तच येतात. ते मंदावले की त्यातल्या काहींची ऊर्जा काँक्रीट भेदायला पुरत नाही आणि बेरीज खाली येते. किती खाली आली यावरून ढगातला व्होल्टेज उलटा काढता येतो. उत्तर आलं १.३ गिगाव्होल्ट, म्हणजे १३० कोटी व्होल्ट. घरच्या प्लगमध्ये २३० असतात! वादळी ढगात एवढा प्रचंड व्होल्टेज असू शकतो, असा अंदाज सी. टी. आर. विल्सन यांनी १९२०च्या दशकातच बांधला होता. पण फुगे आणि विमानं ढगाच्या एखाद्याच भागातून जातात, त्यामुळे आकडा कधी तिथवर पोचलाच नव्हता. म्युऑन मात्र अख्ख्या ढगातून येतात. वादळ १८ मिनिटांत संपलं, शोधनिबंध आला २०१९मध्ये. मधली वर्षं आकडेमोड, सिम्युलेशन आणि ‘आपण चुकत तर नाही ना’ हे तपासण्यात गेली. संशोधन हे असंच असतं, बऱ्यापैकी कंटाळवाणं.

‘याचा उपयोग काय?’ हे घरचे विचारणारच. जून २०१५मध्ये सौर वादळाने पृथ्वीचं चुंबकीय कवच काही काळ कमकुवत केल्याची नोंद याच नळ्यांनी केली. अशाच एका सौर वादळाने मार्च १९८९मध्ये कॅनडातल्या क्यूबेकची वीज नऊ तास घालवली होती. हे उत्तर काकांना पुरावं.

मला जास्त बोचतं ते वेगळंच. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी काही १९६५मध्ये आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, झाल्या. पुढे खाण बंद पडली. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातल्या नव्या न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण पर्यावरणाचे आक्षेप आणि स्थानिकांचा विरोध यांत ती अडकली. डोंगराखाली बोगदा होणार म्हटल्यावर लोक प्रश्न विचारणारच. त्यांना त्यांच्या भाषेत उत्तर देणं हे कामसुद्धा शास्त्रज्ञांचंच आहे.

फिजिक्सला असाल तर टीआयएफआरचा उन्हाळी ‘व्हीएसआरपी’ उपक्रम बघून ठेवा, त्यात विद्यार्थ्यांना तिथल्या संशोधकांबरोबर काम करायला मिळतं. तोवर कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना सोबत घेऊन क्लाउड चेंबर करा. पारदर्शक डबा, आत वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फेल्ट, तळाला काळा पत्रा आणि त्याखाली ड्राय आइस. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. जाड, आखूड रेघ उमटली तर तो हवेतल्या रेडॉनमधून निघालेला अल्फा कण. लांब, सरळ आणि बारीक रेघ दिसली तर तो बहुधा म्युऑन.