कथेवर लिहायचे म्हणजे काय करायचे?

बी.ए.च्या मुलांना मी दरवर्षी एका कथेवर निबंध लिहायला सांगतो. कथा बहुधा बाबूराव बागुलांची, 'जेव्हा मी जात चोरली होती'. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. माझ्या वर्गात शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतली मुले असतात. दौंडकडच्या कित्येकांचे वडील नाहीतर आजोबा रेल्वेत. कथेचा निवेदकही रेल्वेतच नोकरीला लागतो, गुजरातेत. खोली मिळावी म्हणून तो जात लपवतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. आमच्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. अडते ते लिहिताना.

निबंध हाती येतात तेव्हा त्यांत कथानकच पुन्हा सांगितलेले असते. शेवटी गाईडातली दोन वाक्ये : भाषा ओघवती आहे, व्यक्तिचित्रे ठसठशीत आहेत. ही वाक्ये कोणत्याही कथेला डकवता येतात, म्हणूनच ती कोणत्याच कथेविषयी काही सांगत नाहीत.

मी मुलांना शीर्षकापाशीच थांबवतो. 'चोरली' हे क्रियापद पाहा. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. इथे माणूस स्वतःचीच जात चोरतो. म्हणजे आपलीच ओळख आपल्या मालकीची नाही, ती लपवणे हा गुन्हा, हे समाजाने आधीच ठरवून ठेवले आहे. पण मराठीत आपण अंगही चोरतो, नजरही चोरतो. दुसऱ्याच्या ओट्याच्या कडेला अंग चोरून बसलेले आजोबा ज्याने पाहिले आहेत, त्याला हा दुसरा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. आता 'जेव्हा' पाहा. त्याला जोडून येणारा 'तेव्हा' शीर्षकात नाही. वाक्य अर्धेच आहे. उरलेले अर्धे म्हणजे कथा. आणि 'होती' म्हणजे सांगणारा आज जात चोरत नाही, उलट उघड सांगतो आहे. पाच शब्दांतून एवढे निघते. निबंध लिहायचा तो असा : आधी शब्द दाखवायचा, मग त्यातून काय निघते ते सांगायचे.

एक अडचण आमची खास आहे. विद्यार्थी असताना तालुक्याच्या गावी मी खोली शोधत हिंडलो आहे. आडनाव सांगताच "आत्ताच दिली" हे ऐकले आहे. या कथेवरच्या माझ्या पहिल्या निबंधात मी तीच हकिगत लिहिली. सरांनी समासात शेरा मारला : हे कथेत कोठे आहे? फार राग आला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वाटले, आपले जगणे यांना कागदावर नको आहे. आज तोच प्रश्न मी मुलांना विचारतो, फक्त पुढे एक वाक्य जोडतो. तुझ्या अनुभवाने तुला कथेत नेमके कोठे पाहायचे ते दाखवले. आता तेथे बोट ठेवून इतरांनाही दाखव. प्रस्थापित समीक्षक आपल्या कथेला 'प्रचारकी' म्हणून मोकळे होतात तेव्हा "हे खरेच घडते" हे उत्तर पुरत नाही. कथेतले शब्द पुढे ठेवावे लागतात.

आणि विधान असे हवे की त्यावर भांडता आले पाहिजे. 'या कथेत जातिभेदाचे चित्रण आहे' याला कोण नाही म्हणेल? काशिनाथ जात उघड सांगून भिडतो, निवेदक गप्प राहतो; मग हा भ्याड की सावध? तोच काशिनाथ शेवटी त्याला सोडवतो, आणि निवेदक माराचा दोष मारणाऱ्यांवर न ठेवता मनूवर ठेवतो. येथे वर्गात दरवर्षी दोन तट पडतात. गेल्या वर्षी दौंडकडच्या एका मुलीने लिहिले, की समोरच्या हातांऐवजी मनूचे नाव घेणे हीसुद्धा एक चोरीच आहे. मला ते पटले नाही. पण तिने शेवटच्या संवादातला शब्द न् शब्द पुढे मांडला होता, आणि उत्तर द्यायला मला पुस्तक पुन्हा उघडावे लागले.