तालुका मुख्यालयाची बाजारपेठ आणि अनुरूप किरकोळ व्यापार : झरी जामणीच्या संदर्भात

झरी जामणी हे यवतमाळ जिल्ह्यातील तेलंगणा सीमेलगतच्या आदिवासीबहुल तालुक्याचे मुख्यालय होय. मुख्य रस्त्यावर गाळे बांधले की बाजारपेठेचे पुनरुज्जीवन होते, असा समज लहान नगरपंचायतींत रूढ आहे. प्रस्तुत लेखात गाळ्यांच्या संख्येपेक्षा त्यांत कोणता व्यापार तग धरेल, याचा विचार केला आहे.

जर्मन भूगोलज्ञ वाल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या मध्यवर्ती स्थान सिद्धांतानुसार प्रत्येक वस्तूच्या विक्रीस किमान ग्राहकसंख्या लागते आणि ग्राहकही तिच्यासाठी ठरावीक अंतरापर्यंतच जातो. लग्नाचा बस्ता, सोने, फर्निचर यांची खरेदी चार दुकाने पाहून होते. त्यासाठी वणी, पांढरकवडा व पैनगंगेपलीकडील आदिलाबाद या मोठ्या पेठा आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करणे व्यर्थ होय. तालुक्यातील मुकुटबन येथे २०२२ मध्ये वार्षिक ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाल्याने मासिक वेतनावर पोसला जाणारा व्यापारही तिकडेच वळणे स्वाभाविक आहे.

मग मुख्यालयाकडे उरते काय? तहसील व पंचायत समितीत कामासाठी येणारा माणूस. कोलाम पोडावरून आलेल्या व्यक्तीचा दाखल्यापायी अख्खा दिवस मोडतो. हा सक्तीचा रिकामा वेळ (प्रशासनाच्या दृष्टीने तो भूषणावह नव्हे) हेच येथील व्यापाराचे भांडवल होय. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, चहा-नाश्ता, औषधे व किराणा यांना त्यातून ग्राहक लाभतो. दुरुस्तीच्या व्यवसायांचे महत्त्व मात्र दुर्लक्षिले जाते. पंपाची मोटार, मोबाइल वा शिवणकाम देणारा ग्राहक वस्तू टाकण्यास एकदा व नेण्यास पुन्हा येतो आणि दोन्ही वेळा शेजारच्या दुकानातून काही घेऊन जातो.

दुसरी बाब उधारीची. कापूस उत्पादकाच्या हाती रोकड येते ती दसऱ्यानंतरच्या वेचणीपासून. बियाणे व खते मात्र जूनमध्येच लागतात. ग्राहकास ओळखून उधार देणारा स्थानिक दुकानदार ही दरी सांधतो. साखळी दुकानांना ते शक्य नाही. म्हणून गाळ्यांचे भाडेही दरमहा समान न ठेवता हंगामानुसार आकारणे प्रस्तुत लेखकास उचित वाटते.

रानभाज्या, चारोळी, डिंक विकणाऱ्या स्त्रियांना गाळा परवडणार नाही. त्यांना ओटा हवा. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक आहे. संकुलाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो या समितीपुढे ठेवल्यास ओट्यांची जागा आरंभीच निश्चित करता येईल.