पाण्यावरची खोली आणि तिचा पडता

लग्नाचा हंगाम आटोपला की आमच्या कापड बाजारात गादीवर बसल्या बसल्या हल्ली एकच विषय निघतो, मालदीवचा. पूर्वी नवी जोडपी माथेरान-महाबळेश्वरला जात, फार तर काश्मीरला. आता मुलांना समुद्रात खांबांवर उभी असलेली खोली हवी असते. हौसेला आमची ना नाही. पण मीटरमागे पंचवीस पैशांसाठी तासभर घासाघीस करणारे आपले व्यापारी बांधव या सौद्यात डोळे मिटून पैसे मोजतात. आम्हीही मोजले, म्हणून लिहितो.

पाण्यावरच्या खोलीची कल्पना मूळ मालदीवची नाही. 1967 मध्ये पॅसिफिक महासागरातील रायातेआ बेटावर तिघा अमेरिकन हॉटेलवाल्यांनी ती प्रथम काढली. त्यांच्या जागेला चांगला वाळूचा किनारा नव्हता, म्हणून खोल्या पाण्यावर नेल्या. खोट होती तिचाच माल झाला! मालदीवमध्ये पहिले रिसॉर्ट 1972 मध्ये उघडले. आज तेथे सर्रास एका बेटावर एकच रिसॉर्ट असते. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण सारा हिशेब तिच्यावरच आहे. शेजारी दुसरे दुकान नाही, खानावळ नाही, बाहेरून पाण्याची बाटली आणायचीही सोय नाही. मागतील तो भाव.

आता पडता काढू. सुरतेहून माल घेतला तर भाडे, हमाली, कर धरून तो दुकानात येऊन पडेपर्यंत काय किंमत झाली, ते आपण आधी पाहतो. तसेच येथे करावे. समजा, दोघांसाठी खोलीचा भाव रात्रीला 400 डॉलर सांगितला. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे 440. त्या 440 वर पर्यटनाचा जीएसटी. तो जुलै 2025 पासून 17 टक्के आहे, म्हणजे 514 डॉलर 80 सेंट. शिवाय ग्रीन टॅक्स. जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी, दर रात्री 12 डॉलर आहे. दोघांचे 24. झाले 538 डॉलर 80 सेंट. तीन रात्रींचे 1,616 च्या वर. विमानतळापासून बेटापर्यंत सी-प्लेनचे येण्या-जाण्याचे माणशी 500 डॉलर धरले तर आणखी 1,000. आता तीनने भागा. चारशेची खोली 872 डॉलरना पडली, आणि अजून घासभर जेवण झालेले नाही. म्हणून एजंटला पहिला प्रश्न असा विचारावा : हा भाव सर्व कर आणि बेटापर्यंतची वाहतूक धरून आहे काय? उत्तर लेखी घ्यावे.

जेवणात आपल्या लोकांची आणखी एक फसगत होते. ऑल इन्क्लुझिव्ह म्हणून जो मोठा भाव सांगतात, त्यात दारूची किंमत धरलेली असते. जी चीज आपण तोंडाला लावणार नाही तिचे दाम का भरावेत? तीन वेळच्या जेवणाचा फुल बोर्ड घ्यावा आणि पाणी, चहा, सरबत त्यात आहे की वेगळे, ते विचारावे. मुस्लिम मुलूक आहे म्हणून सारे हलाल असेल असेही गृहीत धरू नये. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आहे, पण रिसॉर्टना परवाना असतो आणि तेथे डुकराचे मांसही मिळते. कोणते जेवण कोठे व कोणत्या भांड्यांत शिजते, याचा खुलासा आधीच मागवावा. यात संकोच नको.

आमचा तजुर्बा सी-प्लेनचा. चिरंजीवांच्या निकाहानंतर आम्ही दोघा मुलांना चार रात्रींसाठी धाडले. एजंटने स्वस्त म्हणून असे तिकीट दिले की विमान सायंकाळी मालेला उतरले. सी-प्लेन फक्त उजेडात उडते. अंधार पडला की बंद. मुलांना ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत, साध्या हॉटेलात, पदरचे पैसे भरून काढावी लागली आणि रिसॉर्टवर भाडे भरलेली खोली रात्रभर रिकामी राहिली. एजंट म्हणाला, तुम्ही विचारले नाही. मुलांच्या अम्मी आजही आम्हालाच बोलतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही. दुपारच्या आत पोहोचणारे विमान घ्यावे. ते जमत नसेल तर मालेजवळचे, स्पीडबोटीने जाता येईल असे रिसॉर्ट निवडावे. बोट रात्रीही चालते आणि भाडेही बरेच कमी पडते.

हवा डिसेंबर ते एप्रिल कोरडी असते, भावही तेव्हाच चढे. 24 आणि 31 डिसेंबरच्या मेजवानीचे पैसे पुष्कळ रिसॉर्ट सक्तीने लावतात. मे ते नोव्हेंबरात पाऊस आणि वारा असतो, पण भाव उतरतात. आपला धंदाही पावसाळ्यात मंद असतो, तेव्हा फुरसत आणि स्वस्ताई एकदम मिळते. मात्र चार दिवसांपैकी दोन पावसात जाऊ शकतात. तो जुगार ज्याचा त्याने ठरवावा.

पर्दानशीन घरांना या खोल्या सोयीच्या वाटतात, कारण पाण्यात उतरायची जागा आपली एकट्याची. पण शेजारच्या खोलीतून आपला सज्जा दिसतो की आडोसा आहे, ते विचारावे. लहान मुले असतील तर जास्तच जपावे. कठड्याखाली खोल पाणी असते आणि पुष्कळ ठिकाणी ठराविक वयाखालील मुलांना पाण्यावरच्या खोल्या देतच नाहीत.

खिसा लहान असेल तर एक तोड आहे. 2009 नंतर वस्तीच्या बेटांवरही गेस्ट हाउसला परवानगी मिळाली. माफुशी त्यांत विशेष प्रसिद्ध. मालेहून स्पीडबोटीने जाता येते, जवळ मशीद आहे, अजान कानी पडते, बायका पूर्ण कपड्यांत समुद्रावर फिरल्या तर कोणी वळून पाहत नाही. पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्ट हाउसचा ग्रीन टॅक्स 6 डॉलर. तीन रात्री तेथे काढून पाण्यावरची खोली एकाच रात्रीपुरती घ्यावी, किंवा दिवसाचा पास काढून रिसॉर्ट पाहून यावे. फोटो तेच येतात! हातात वेळ असेल तर मालेतील 1658 ची प्रवाळाच्या दगडांची जुनी जुम्मा मशीद जरूर पाहावी. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांनी याच मालेत वखारी टाकून तेथील परदेशी व्यापार हाती घेतला होता. आपले लोक तेथे माल घेऊन जात, आता आपण गिऱ्हाईक होऊन जातो.

व्हिसा तेथे उतरल्यावर फुकट मिळतो. पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग दाखवावे लागते. इमुगा नावाचा फॉर्म निघण्याआधीच्या 96 तासांत ऑनलाइन भरायचा असतो. त्याला फी नाही, कोणी मागितली तर देऊ नये. येताना शिंपले, प्रवाळ, वाळू बॅगेत घालू नये, कस्टमवाले अडवतात. आणि आपल्याकडे एजंट परदेशी पॅकेजवर जो टीसीएस कापतो तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता होतो. मात्र पावतीवर आपला पॅन नंबर बरोबर पडला आहे ना, ते पैसे देतानाच पाहून घ्यावे.