इनामगावचा माणूस कसा काढायचा? : अ‍ॅनिमेशनची शैली आणि संशोधन

डिझाइन किंवा दृश्यकलेत पीएच.डी. करू पाहणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो : "चित्रं काढणं हे संशोधन कसं काय होईल?" नुसती चित्रं काढणं म्हणजे संशोधन नाहीच. पण प्रत्येक रेषेमागचा निर्णय कुठून आला, हे दुसऱ्याला तपासता येईल असं मांडलं, तर ते संशोधन होतं. एक उदाहरण घेऊन बघू.

समजा, तुम्हाला पाच-सहा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करायचाय आणि विषय आहे शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोड नदीकाठच्या या जागेवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इथे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरं, भट्टी, धान्य, दफनं, खापरं असं भरपूर हाती लागलं. पण त्या माणसांचे चेहरे कसे होते, ती काय बोलायची, हे मातीत उरलेलं नाही. तुम्हाला नेमकं तेच काढायचंय.

आधी काळ ठरवा, मग घर

"प्राचीन गाव" असा काळ नसतो. इनामगावात माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन टप्पे आहेत. पूर्व जोर्वे काळात (इ.स.पू. १४०० ते १०००) घरं मोठी, आयताकृती आहेत, उत्तर जोर्वे काळात बहुतेक लहान, गोल झोपड्या दिसतात. म्हणजे पार्श्वभूमीतलं घर चौकोनी की गोल, हा आवडीचा प्रश्न राहत नाही. काळ ठरला की घर ठरलं.

पार्श्वभूमी : काय काढू नये

आता स्केचबुक घेऊन शिरूरहून दौंडच्या बाजूला जा. काय दिसेल? ऊस, कालवे, विजेचे खांब आणि बांधाबांधावर वेडी बाभूळ. धरणं-कालव्यांमुळे हा पट्टा हिरवा झाला. मुळात तो पर्जन्यछायेतला. वेडी बाभूळ तर अमेरिकेतून आलेली. इनामगावकरांचं मुख्य पीक होतं जव. त्यामुळे नदीचं वळण, काळी माती, उन्हाचा रंग हे आजच्या स्केचमधून घ्या. ऊस आणि वेडी बाभूळ पुसून टाका. काय पुसलं आणि का, हे वहीत लिहा. ती नोंदही तुमची विदाच आहे.

शैली म्हणजे नियम

इथे बहुतेकांचा हात आपोआप वारलीकडे जातो : दोन त्रिकोणांचं शरीर, पांढरी रेषा. दिसायला छान, पण वारली ही पालघर-ठाण्याकडच्या जित्याजागत्या समाजाची कला आहे. तिला तीन हजार वर्षांपूर्वीच्या घोडकाठावर नेलं, तर आजचे आदिवासी म्हणजे "जुन्या काळातली माणसं" असा चुकीचा अर्थ निघतो.

त्यापेक्षा तिथल्याच खापरांकडे बघा. जोर्वे भांडी लाल, त्यांवर काळ्या रंगात भौमितिक नक्षी : समांतर रेषा, रेघांनी भरलेले चौकट-आकार. यातून नियम काढा. रंग मोजके : लाल, काळा, मातीचे दोन-तीन छटा. सावली रंगाने न दाखवता तिरप्या रेघांनी दाखवायची. हे नियम एका पानावर लिहून दोन-तीन नमुनाचौकटी रंगवा. दुसऱ्या चित्रकाराला ते पान देऊन तशीच चौकट काढता आली, तर शैली तयार झाली समजा.

पात्र : तीन रंगांची वही

समजा, मुख्य पात्र कुंभार आहे. इनामगावात कुंभाराची भट्टी सापडलीये, पण ती चालवणारा पुरुष होता की बाई, हे भट्टी सांगत नाही. म्हणून पात्राच्या प्रत्येक घटकापुढे खूण करा : हिरवी म्हणजे "सापडलंय", पिवळी म्हणजे "पुराव्यावरून अनुमान", लाल म्हणजे "माझी कल्पना". गळ्यातले मणी हिरवे. सुती वस्त्र पिवळं. केसांची ठेवण, चेहरा, स्वभाव लाल. मग नेहमीची कामं करा : पात्र पूर्ण काळं भरून नुसत्या बाह्याकारावरून ओळखू येतं का ते पाहा, समोरून, बाजूने, मागून असं मॉडेल शीट करा, हावभावांचं पान करा.

वही खरी उपयोगी पडते ती अवघड प्रसंगात. इनामगावात लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेलं आढळतं. प्रौढांच्या अनेक दफनांत घोट्याखालचे पाय तोडलेले आहेत. दफन हिरवं. "मृताने परत जाऊ नये, भूत होऊ नये म्हणून पाय तोडले" हे पिवळं. आई रडतेय, हे लाल. पडद्यावर मात्र तिन्ही गोष्टी सारख्याच ठळक दिसतात, आणि सगळा धोका तिथेच आहे. लेखात "बहुधा" लिहिता येतं; चित्रात "बहुधा" कसा काढणार?

माझ्या मते संशोधनाचा प्रश्न हाच. एक उपाय करून बघता येईल : हिरव्या गोष्टी भरीव रेषेत, पिवळ्या तुटक रेषेत, लाल गोष्टी नुसत्या रंगाच्या फटकाऱ्यात. म्हणजे कुंभ ठाशीव दिसतील आणि आईचा चेहरा पुसट. हे प्रेक्षकाला कळतं की नुसतंच सुंदर वाटतं, हे तुम्ही तपासायचं.

तपासणी

पाच-सहा चौकटी शिरूर-दौंडकडच्या एखाद्या शाळेतल्या मुलांना दाखवा. "आवडलं का?" विचारू नका; मुलं "हो"च म्हणतील. विचारा : "यातलं काय जमिनीत खरंच सापडलं असेल? काय चित्रकाराने मनाने काढलं असेल?" उत्तरं वहीतल्या खुणांशी ताडून पाहा. मुलांनी तुमच्या कल्पनेला सर्रास पुरावा मानलं, तर शैली बदला आणि पुन्हा दाखवा. शाळांमध्ये जाण्याआधी मुख्याध्यापक आणि पालकांची लेखी संमती घ्यायला विसरू नका.

प्रबंधाच्या प्रस्तावात "इनामगाववर अ‍ॅनिमेशनपट करणार" एवढंच लिहिलंत, तर तो प्रकल्प होतो. "पुरावा आणि कल्पना यांतला फरक प्रेक्षकाला रेषेवरून कळू शकतो का?" असं लिहिलंत, तर तो प्रश्न होतो. मुलाखतीला जाताना प्रश्न घेऊन जा. आणि सोबत ती तीन रंगांची वहीही न्या.