जुन्या मोटारसायकलींचा क्लच : वायर की हायड्रॉलिक?

राजदूत, येझदी, बुलेट या जुन्या मोटारसायकलींचा क्लच वायरच्या ओढीने चालतो. होंडाच्या १९८४ च्या गोल्डविंगसारख्या मोठ्या गाड्यांत मात्र हे काम द्रवाच्या दाबाने होते. वायर ताणली जाते आणि तिची ढिलाई वेळोवेळी जुळवावी लागते. परंतु तुटण्यापूर्वी बहुधा तिचे तंतू सुटू लागतात आणि नवी वायर रस्त्यातही बसविता येते.

हायड्रॉलिक क्लच प्लेटची झीज आपोआप भरून काढतो. तथापि, बहुतेक गाड्यांत त्यासाठी वापरले जाणारे ब्रेक ऑइल ओलावा शोषते. ते साधारणपणे दोन वर्षांनी न बदलल्यास सिलिंडर गंजतो, रबरी सील गळते आणि गिअर बदलणे अवघड होते. त्यामुळे जुनी गाडी घेताना वायरची टोके किंवा मुठीजवळील डबीतील तेलाची पातळी व रंग आधी तपासणे हिताचे ठरते.