कामी येतंय तोवरच द्यावं

आमच्या गुरुकुंज मोझरीत दिवाळीची साफसफाई इतर गावांपेक्षा जरा आधीच सुरू होते. आश्विन वद्य पंचमीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी येते, म्हणजे दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी. १९३५ साली महाराजांनी इथे आश्रम उभारला, तेव्हापासून या गावाला माणसांची सवय आहे. पुण्यतिथीला तर गावोगावचे गुरुदेवभक्त लोटतात, घराघरांत पाहुणे उतरतात. त्यांना पाठ टेकायला जागा हवी, म्हणून आधी घर मोकळं करावं लागतं. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, गाद्या-गोधड्या उन्हात पडतात आणि अंगणात एक ढीग जमतो. त्याचं काय करायचं, हे मात्र घरात कुणालाच ठरवता येत नाही.

मैत्रिणींनो, असा ढीग तुमच्याही घरी असेलच! कल्हई उडालेले पितळी गंज, झाकण हरवलेले डबे, बंद पडलेला मिक्सर, मुलाचं पाचवीतलं दप्तर, आहेरात आलेल्या आणि घडीही न मोडलेल्या साड्या. आपण हात घालायला जावं, तर घरातली म्हातारी जवळ येऊन बसते. "राहू दे वं बाई, फेकू नोको. कामी पडते." झालं! निम्मा ढीग पुन्हा माळ्यावर.

त्या म्हातारीला हसू नये. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली ती पिढी. तिच्या घरात लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं व्हायचं. वस्तू मोजक्या होत्या आणि प्रत्येक वस्तू खरोखरच कामी पडत होती. आता तसं राहिलं नाही. एकावर एक मोफत, सणाची सूट, वाढदिवसाच्या भेटी... घरात वस्तू येण्याला दार आहे, जाण्याला नाही. आपणही त्याला हातभार लावतोच की. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या आठवा! दहा घरची दहा वाणं आली की स्वयंपाकघरातला एक कप्पा भरलाच. त्याऐवजी तीळ, गूळ, भाजीच्या बियांची पुडी असं वाण दिलं तर ते वापरून संपतं तरी.

आमच्याकडे जागेची किंमत आणखी वेगळी. भाव वाढेल या आशेने शेतकरी वेचलेला कापूस घरातच भरून ठेवतो. समोरची खोली कापसाने भरली की मुलंबाळं मागच्या खोलीत दाटीवाटीने झोपतात. अशा घरात मोडक्या खुर्च्यांनी एक कोपरा अडवणं परवडत नाही.

घर आवरण्यावर आता परदेशात पुस्तकं निघतात आणि धडाधड खपतात. जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक २०११ साली आलं. वस्तू हातात घ्यायची आणि हिच्यामुळे मला आनंद होतो का, असं स्वतःला विचारायचं, ही त्यांची पद्धत. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांनी २०१७ साली पुस्तक लिहून सांगितलं, की आपल्या मागे मुलांना आपला पसारा उपसावा लागू नये म्हणून तो आपणच हयातीत आवरावा. दोन्ही विचार चांगलेच आहेत. पण आपल्या वऱ्हाडाने याहून मोठा धडा फार आधी पाहिलाय. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा आणि गाडगं, एवढाच गाडगेबाबांचा संसार. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी मात्र काही जमवलं नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला, तेव्हा मागे आवरायला पसाराच नव्हता. आपल्याला तसं जगणं जमायचं नाही, हे खरं. पण वस्तू हातात घेतल्यावर 'मला आनंद होतो का' याच्या जोडीला 'ही कुणाच्या कामाची आहे का' एवढं तरी विचारता येईल.

हे मी का म्हणते? आम्ही काही जणी दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर जुने कपडे गोळा करतो आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबांना नेऊन देतो. पिशव्या उघडल्या की जीव हळहळतो. चेन तुटलेल्या पँट, न धुतलेले शर्ट, एका पायाची चप्पल! आपल्याला नको ते गरिबाला चालेल, असा हिशोब. एकदा भट्टीवरच्या एका बाईच्या हाती जरीची जड साडी आली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "ताई, हे नेसून विटा कशा वाहू मी?" आमच्यापैकी कुणाजवळच उत्तर नव्हतं. तिला हवं होतं सुती लुगडं, लेकराला स्वेटर आणि रात्रीला चादर. स्वेटर पिशवीत होता, पण कसर लागलेला. कुणाच्या तरी पेटीत तो वर्षानुवर्षं पडून होता. ज्या हिवाळ्यात तो मुलाला आखूड झाला, त्याच हिवाळ्यात बाहेर निघाला असता तर एखादं लेकरू उबेत झोपलं असतं. वस्तूचा कामी येण्याचा काळ असा पेटीतच सरून जातो.

दिल्लीच्या 'गूंज' संस्थेने हे नेमकं ओळखलं. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये आपल्या घरच्या कपाटातल्या ६७ कपड्यांपासून सुरुवात केली. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आलेले कपडे तिथे निवडले जातात, सुती कापडापासून बायकांसाठी पाळीचे पॅड शिवले जातात. गावकरी आपल्या गावासाठी विहीर, रस्ता असं काम करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून सामान घेतात. भीक म्हणून नव्हे! देणाऱ्याने घेणाऱ्याचा मान राखायचा असतो, तो असा.

मग सुरुवात कुठून करायची? एका दिवसात अख्खं घर काढू नका, एका वेळी एकच कपाट घ्या. दोन हिवाळे, दोन उन्हाळे हात न लागलेली वस्तू बाजूला काढा. कपडे धुऊन, बटण लावून, घडी करून द्या. जे आपण शेजारणीला देऊ शकत नाही, ते कुणालाच देऊ नका. फाटकं असेल तर त्याचं पुसणं करा. मुदत संपलेली औषधं मात्र कुणालाही देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्याची वस्तू त्याच्या माघारी काढू नका. सासूबाई गावाला गेल्या की त्यांची पेटी उपसायची, हे बरं नव्हे. त्या पेटीत त्यांचं माहेर असतं.

आमच्या शेजारच्या काकूंकडे लग्नातले मोठाले पितळी गंज होते, त्यांचं नाव कोरलेले. सुनेने ते मोडीत न घालता काकूंनाच विचारलं. काकूंनी चार दिवस घेतले. मग पाण्याचा एक लोटा आठवण म्हणून रोजच्या वापरात ठेवला आणि बाकीचे गंज स्वतःच्या हाताने महिला बचत गटाला दिले. आता गावात कुणाकडे कार्य निघालं की तेच गंज चुलीवर चढतात. "कोणाचे हो हे गंज?" असं पंगतीत कुणी विचारलं, की काकू पदर सावरून सांगतात, "माह्या बापानं देल्ले."