उजेडालाही मर्यादा हवी

दीपावलीच्या संध्याकाळी अंगणात पणत्यांची ओळ लागते, लेकीसुना तबक घेऊन उभ्या राहतात आणि घरातील कोणीतरी तो क्षण कॅमेऱ्यात टिपतो. पुढे छायाचित्र पाहताना मात्र मन किंचित खट्टू होते. ज्योतीभोवती दुधी धुके पसरलेले असते आणि लुगड्याचा गर्द तांबडा रंग विटल्यासारखा वाटतो. हा दोष अंधाराचा नव्हे. वाट चुकलेल्या उजेडाचा आहे.

फिल्मची जागा आता सिलिकॉनच्या संवेदकाने घेतली आहे. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत अशा संवेदकाचा पाया घातला. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मोबाइलमधील नखाएवढ्या संवेदकावर कोट्यवधी प्रकाशकोष्ठे असतात आणि एकेक कोष्ठ सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढेच रुंद असते. प्रत्येकावर तांबडा, हिरवा वा निळा गाळणपडदा बसवलेला असतो. ही योजना कोडॅकच्या ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट १९७६ सालचे.

इतक्या दाट वस्तीत शेजाऱ्याचा उजेड आपल्या घरात शिरणारच! पूर्वी ट्रंककॉलवर बोलताना मध्येच परक्याचे संभाषण ऐकू येई. त्याला ‘क्रॉसटॉक’ म्हणत. येथेही तेच नाव रूढ झाले. निळा प्रकाश सिलिकॉनमध्ये अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास बराचसा शोषला जातो. तांबडा मात्र तीन-चार मायक्रॉन खोल उतरतो आणि तेवढ्या वाटचालीत शेजारच्या कोष्ठात भरकटतो. म्हणूनच तांबड्या रंगाची हानी अधिक.

यावर उपाय कोणते? प्रत्येक कोष्ठावर सूक्ष्म भिंग बसवून किरण मध्यभागी वळवले जातात. गाळणपडद्यांमध्ये धातूची बारीक जाळी घालतात. पूर्वी धातूच्या तारा प्रकाशाच्या वाटेतच असत. तो संवेदक उलटा करून पाठीमागून उजेड घेण्याची रीत २००९ पासून ग्राहकांच्या कॅमेऱ्यांत आली. याशिवाय दोन कोष्ठांमध्ये खोल चर कोरून त्यात काचेच्या जातीचे ऑक्साइड भरतात. तिरपा किरण त्या भिंतीवर आपटून स्वगृही परततो. मात्र चर कोरताना सिलिकॉनला जखमा होतात आणि त्यांतून उजेडाविनाही विद्युत्कण पाझरतात. म्हणून भिंतींना आतून संरक्षक लेप द्यावा लागतो.

गणिताने हा दोष मागाहून दुरुस्त करता येत नाही काय? येतो; परंतु मिसळलेले रंग वजाबाकीने वेगळे करताना चित्रातील रवाळपणा वाढतो आणि मंद प्रकाशात तो अधिकच खुपतो. घडून गेलेली सरमिसळ निस्तरण्यापेक्षा आधीच बांध घातलेला बरा, हे येथेही खरे ठरते.

भिंगातील धुक्याची गोष्ट निराळी. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. ते परावर्तन रोखणारा लेप झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली सिद्ध केला. मात्र निरांजनाच्या वाती लावताना तेलकट झालेले आपले बोट भिंगावर टेकले, तर तो लेपही हतबल होतो.

तेव्हा यंदा छायाचित्र घेण्यापूर्वी भिंग मऊ वस्त्राने हलकेच पुसावे आणि चौकटीबाहेरील प्रखर दिव्याला हाताचा आडोसा करावा. उरलेले काम संवेदकातील त्या अदृश्य भिंती करतील आणि लुगड्याचा तांबडा रंग तांबडाच उमटेल.